मॅक १ (आवाजाचा वेग) जवळ आला की बाउंडरी लेयर (पृष्ठभागाला चिकटलेला हवेचा पातळ थर) आपोआप टर्ब्युलंट (खळबळता) होतो का?

उडता_पतंग:
सीएफडी (कॉम्प्युटरवर हवेच्या प्रवाहाचं गणित) शिकतोय. आरएई २८२२ एअरफॉइल (पंखाचा छेद) घेतलंय, मॅक ०.७३, रेनॉल्ड्स नंबर (वेग आणि लांबी विरुद्ध हवेचा चिकटपणा यांचं गुणोत्तर) ६५ लाख, हवेशी अँगल तीन डिग्रीच्या जरा वर. थर लॅमिनार (शांत, थरांत वाहणारा) ठेवून रन केलं की वरच्या बाजूला शॉकच्या (जिथे प्रेशर अचानक उसळतं त्या लाटेच्या) पायथ्याशी फ्लो सुटतो आणि लिफ्टचा ग्राफ नुसता थरथरत राहतो, काही केल्या कन्व्हर्ज होत नाही, म्हणजे एका आकड्यावर स्थिरावत नाही. टर्ब्युलन्स मॉडेल लावलं की सगळं शहाण्यासारखं बसतं. मग साउंडच्या स्पीडजवळ हवा आपोआपच टर्ब्युलंट होते असं समजायचं का? होत असेल तर स्पीडमुळे की शॉकमुळे?

थरावर_थर:
स्पीडमुळे तर नक्कीच नाही, उलटंच आहे. लॅमिनार थरात आधी बारीक लाटा उठतात, टोलमीन-श्लिश्टिंग लाटा म्हणतात त्यांना, त्या वाढत वाढत फुटल्या की टर्ब्युलन्स. आता मॅक नंबर वाढला की हवेच्या दाबल्या जाण्यामुळे याच लाटांची वाढ मंदावते. कमी स्पीडला सरळ समोर जाणाऱ्या लाटा सगळ्यात जोरात वाढतात, मॅक १ च्या आसपास तिरप्या लाटा वरचढ होतात, एवढाच काय तो फरक. त्यात शॉकच्या आधी हवा वेग घेत असेल, म्हणजे प्रेशर उतरत असेल, तर थर आणखी शांत राहतो.

तरी प्रवासी विमानाचा पंख बहुतेक टर्ब्युलंटच असतो, पण त्याला कारण रेनॉल्ड्स. ११ किमी उंचीवर मॅक ०.८ ने जाताना दर मीटरला साधारण ६० लाख रेनॉल्ड्स होतो. सपाट प्लेटवर थर टर्ब्युलंट व्हायला ठोकळमानाने ५ लाख धरतात, ते पहिल्या आठ-नऊ सेंटीमीटरमध्येच संपले! (अगदी शांत विंड टनेलमध्ये (मॉडेलवर हवा सोडून तपासायचा बोगदा) २८ लाखांपर्यंत लॅमिनार टिकवलंय लोकांनी, म्हणून ५ लाख हा काही निसर्गनियम नाही.) मागे झुकलेल्या पंखावर क्रॉसफ्लोची (पंखाच्या टोकाच्या दिशेत आडव्या सरकणाऱ्या हवेची) वेगळीच कटकट, आणि पुढच्या काठावर चिकटलेला एखादा किडासुद्धा पुरतो.

शॉकवाला:
वरचं बरोबर आहे पण पतंगच्या ग्राफचं उत्तर शॉकमध्ये आहे. शॉकला प्रेशर एकदम चढतं आणि भिंतीलगतची हवा आधीच मरगळलेली, लॅमिनार थरात तिला वरून कुणी रेटा देत नाही, त्यामुळे जरासा शॉक असला तरी ती उलटी फिरते आणि थर सुटतो. शिवाय थराचा तळ सबसॉनिक असल्याने शॉकचं प्रेशर त्यातून प्रवाहाच्या उलट दिशेला झिरपतं, म्हणून शॉकचा पायथा दुभंगून लॅम्डा (λ) अक्षरासारखा दिसतो. खऱ्या हवेत हा सुटलेला थर लगेच अस्थिर होऊन टर्ब्युलंट होतो आणि बऱ्याचदा परत चिकटतो. म्हणजे शॉकमुळे टर्ब्युलन्स येतो हे खरं, पण सुटण्याच्या वाटेने. तू सॉल्व्हरला टर्ब्युलंट व्हायची परवानगीच दिली नाहीस तर तो बिचारा हेलकावेच खाणार ना. टर्ब्युलंट थरात वरची वेगवान हवा सतत खाली ढवळली जाते, म्हणून शॉकआधीचा लोकल मॅक १.३ च्या आसपास जाईपर्यंत तो तग धरतो.

उडता_पतंग:
ओके, म्हणजे पूर्ण टर्ब्युलंट रन केलं तर बरोबर उत्तर येईल?

थरावर_थर:
बरंचसं. पण तुझ्या एअरफॉइलची विंड टनेलमधली टेस्ट बघ, त्यात कॉर्डच्या (पुढच्या काठापासून मागच्या काठापर्यंतच्या लांबीच्या) ३ टक्क्यांवर ट्रिप होती, थर मुद्दाम तिथे टर्ब्युलंट केला होता. टनेलवाले हे नेहमी करतात कारण मॉडेल लहान, रेनॉल्ड्स कमी, मोकळं सोडलं तर थर शॉकपर्यंत लॅमिनारच राहायचा आणि शॉक भलत्याच जागी बसायचा. ट्रिप लावूनही सगळं जुळतंच असं नाही, सी-१४१ या अमेरिकी मालवाहू विमानाच्या वेळी प्रत्यक्ष उड्डाणात शॉक टनेलपेक्षा बराच मागे निघाला होता. तू ट्रान्झिशन (थर टर्ब्युलंट होण्याची जागा) ३ टक्क्यांवर फिक्स कर, शॉकजवळ जाळी बारीक कर आणि मग प्रेशरचा प्लॉट टाक इथे.