बाबांचा २०१४चा पीसी : दुरुस्त करावा की नवा घ्यावा? (बजेट १२ हजार)

अबोली_मुलुंड
नमस्कार मंडळी. बाबांचा (वय ७६) डेस्कटॉप २०१४ साली गणपतीच्या आधी लॅमिंग्टन रोडवरून जुळवून आणला होता. आय३, चौथ्या पिढीचा. ४ जीबी रॅम, ५०० जीबी हार्ड डिस्क, १९ इंची मॉनिटर, विंडोज १०.

सुरू व्हायला दहा मिनिटं लागतात. बाबा बटण दाबतात, चहाचं आधण ठेवतात, चहा गाळून कप घेऊन येतात तेव्हा कुठे डेस्कटॉप दिसायला लागतो. ते एक वेळ चालेल. पण महिनाभर रोज सकाळी तारीख मागे गेलेली असते. काल १ जानेवारी २०१४ होती. मग बँकेची साइट उघडत नाही, लाल रंगात धोक्याचं काहीतरी येतं. आणि हल्ली मधेच खाडकन बंद पडतो. रोज नाही, पण पडला की संध्याकाळीच. परवा सोसायटीच्या मीटिंगचं अर्धं टाइप केलेलं इतिवृत्त गेलं, तेव्हापासून घरात ताण आहे.

कोपऱ्यावरच्या रिपेअरवाल्याने उभ्या उभ्या बघून "मदरबोर्ड गेला, ९ हजार, नाहीतर नवाच घ्या" सांगितलं. कॅबिनेट उघडलंसुद्धा नाही.

वापर म्हणजे इतिवृत्त, बिलं, बँक, पेन्शनची कामं, दादाशी व्हिडिओ कॉल आणि पत्त्यांचा डाव. लॅपटॉप नको म्हणतात, किबोर्ड बारीक वाटतो. बजेट १२ हजार, तेही ताणून. कृपया त्यातलंच सुचवा.

खटपट्या
हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाक. विषय संपला.

पार्ले_पूर्व
१२ हजारांत आजकाल काही होत नाही. मी मागच्या दिवाळीत मॅक मिनी घेतला. आवाज नाही, तापत नाही, टेबलावर डबीएवढी जागा. एकदाच काय तो खर्च करा. बाबांनी आयुष्यभर काटकसर केली असणार, आता तरी चांगली वस्तू वापरू द्या की त्यांना.

खटपट्या
पार्ले, १२ हजार लिहिलंय तिने.

पार्ले_पूर्व
वाचलं. ईएमआय नावाचा प्रकार असतो.

निवांत_काका
आमच्याकडे २००९चा कोअर टू ड्युओ आहे. एक्सपी. आजतागायत एक स्क्रू बदललेला नाही. हल्लीच्या वस्तूंत दम नाही हे माझं ठाम मत.

सोनचाफा
काका, त्यावर इंटरनेट चालतं का?

निवांत_काका
इंटरनेट जोडत नाही. नाट्यगीतं ऐकतो.

टक्स_माझा
मुख्य मुद्दा कोणीच बोलत नाहीये. विंडोज १०चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. तुमचा चौथ्या पिढीचा, म्हणजे तो दरवाजा बंद. विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाका. फुकट आहे, जुन्या मशीनवर पळतं, व्हायरसची कटकट जवळपास नाही. पेन ड्राइव्हवर घालून आधी नुसतं चालवून बघता येतं, हार्ड डिस्कला हातही लावावा लागत नाही.

सोनचाफा
हा प्रयोग मी सासऱ्यांवर केलाय. मिंट चांगलंच आहे, वाद नाही. पण पहिल्या आठवड्यात मला ऑफिसात दिवसाला चार फोन. "अगं, ते खालचं हिरवं कुठे गेलं?" प्रिंटर जोडायला एक रविवार गेला. स्कॅनर अजून जोडतेच आहे. शेवटी त्यांनी शेजारच्या मुलाला गाठून परस्पर विंडोज टाकून घेतलं आणि मला सांगितलंही नाही. मला दिवाळीला कळलं.

टक्स_माझा
तो लिनक्सचा दोष नाही.

सोनचाफा
दोष कोणाचा ते मी म्हटलंच नाही. फोन मला येत होते एवढंच म्हटलं.

अबोली_मुलुंड
लिनक्सबद्दल एक अडचण. बाबांच्या २००३पासूनच्या फायली डीव्हीबी-टीटी सुरेख या जुन्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. त्या दिसतील का?

टक्स_माझा
फॉन्टची फाइल उचलून लिनक्समध्ये टाकली की दिसतील. सुरेख काय, कुठलाही टीटीएफ फॉन्ट चालतो.

चौथा_माळा
दिसणं वेगळं आणि टाइप करणं वेगळं, टक्सभाऊ. ते जुने फॉन्ट युनिकोड (आताचे, सगळीकडे सारखे चालणारे) नाहीत. त्यांच्यात टाइप करायला तो जुना किबोर्ड चालवणारा प्रोग्राम लागतो आणि तो विंडोजवरचा. बाबा इनस्क्रिप्ट या भारतीय भाषांच्या प्रमाण किबोर्ड लेआउटवर टाइप करत असतील तर प्रश्न सोपा आहे, इनस्क्रिप्ट विंडोज आणि लिनक्स दोन्हींत असतो, युनिकोडमध्ये नवं काम सुरू करायचं. मराठी टंकलेखनाची परीक्षा दिलेले, टाइपरायटरच्या पद्धतीने टाइप करणारे असतील तर मात्र या वयात बोटं बदलायला सांगू नका. आमच्या ऑफिसातले हेडक्लार्क त्यापायी दोन वर्षं आधी रिटायर झाले.

टक्स_माझा
टाइपरायटरचा लेआउटही मिळतो.

चौथा_माळा
मिळतो. जोडाक्षरं त्याच जागी आहेत का, ते बघितलंत?

(इथे दोघांचे पुढचे अकरा प्रतिसाद संपादकांनी "मराठी टंकलेखन" या धाग्यावर हलवले आहेत.)

लोखंडी_जिना
तारीख मागे जाणं म्हणजे मदरबोर्डवरचा सेल संपलाय. रुपयाच्या नाण्यासारखा गोल चपटा असतो, सीआर २०३२. मदरबोर्ड गेलेला नाही. बाबा रात्री भिंतीवरचं बटण बंद करत असणार.

गेमर_घाटकोपर
आय३ चौथी पिढी आता म्युझियममध्ये द्या. रायझेन ५, बी-सिरीज बोर्ड, १६ जीबी डीडीआर५, १ टीबी एनव्हीएमई. ग्राफिक्स कार्ड नाही घेतलं तरी चालेल. पुढची दहा वर्षं बघायला नको. फक्त रॅमचे भाव सध्या भयंकर चढलेत, एआयवाल्या डेटा सेंटरांनी सगळी मेमरी खाऊन टाकली आहे. मी ऑगस्टमध्ये घेतली म्हणून वाचलो.

निवांत_काका
पत्ते खेळायला १ टीबी?

बोरिवली_स्लो
सेकंडहँड बघा. मोठ्या ऑफिसांतून लीज संपलेली ब्रँडेड मशिन्स निघतात, आठव्या पिढीची, म्हणजे विंडोज ११ रीतसर चालतं. लॅमिंग्टन रोडला ढिगाने मिळतात. १२च्या आसपास बसेल. ग्रँट रोडला पूर्वेला उतरायचं. रविवारी मात्र जाऊ नका, बहुतेक शटर खाली असतात.

तेलकट_वडा
सेकंडहँडच्या नादी लागू नका!! मी एका दुकानातून (नाव घेत नाही, उगाच वाद) असंच एक आणलं. वर स्टिकर १६ जीबीचा, आत ८. परत गेलो तर म्हणे, साहेब, घरी कोणीतरी काढली असेल. घरी मी आणि माझी आई. आई रॅम काढेल?

बोरिवली_स्लो
बिल घेतलं होतं?

तेलकट_वडा
त्या विषयावर बोलायचं नाही.

खटपट्या
एसएसडीच. हार्ड डिस्कची तबकडी फिरते, सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते तेही मोठी फाइल सलग वाचताना. सुरू होताना हजारो बारक्या फायली शोधायच्या असतात, तिथे ती रांगते. साधी साटा एसएसडीसुद्धा पाचशेच्या घरात जाते. आणि अडीच इंची साटाच घे. दुकानदार एम.२ (थेट बोर्डावरच्या खाचेत बसणारी) गळ्यात मारेल, ती त्या काळच्या स्वस्त बोर्डावर बसणारच नाही. सोबत डीडीआर३ रॅमची ४ जीबीची एक पट्टी जुन्या बाजारात. झालं. दोन्ही मिळून बजेटच्या निम्मेसुद्धा लागणार नाहीत. पण आधी सगळ्या फायली बाहेरच्या डिस्कवर घे. ११ वर्षांची हार्ड डिस्क कधी मान टाकेल सांगता येत नाही.

मीठभाकर
मीही एसएसडी टाकली. फरक पडतो. +१

सायंकाळ
एसएसडी टाकून बघा, खूप फरक पडतो. (आधी कोणी सुचवलं असल्यास क्षमस्व.)

पार्ले_पूर्व
मढ्याला शालू नेसवण्याचा प्रकार आहे हा.

अबोली_मुलुंड
पार्ले, शब्द जरा जपून, बाबा हा धागा वाचतात.

लोखंडी_जिना, बाबा रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करतात हे तुम्हाला कसं कळलं?

लोखंडी_जिना
माझे वडीलही करायचे. फ्रिज सोडून घरातलं सगळं.

बटण चालू असतं तोवर मदरबोर्डला बारीक वीज मिळत राहते, घड्याळ त्यावर चालतं. बटण बंद केलं की सगळा भार त्या सेलवर. तो संपला की तारीख पहिल्यापासून. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत अशी मुदत असते. तुमचा पीसी म्हणतो आज २०१४, बँकेचं प्रमाणपत्र २०२५ किंवा २०२६चं, म्हणून ब्राउझर दार लावून घेतो. फरक फार मोठा असला तर विंडोज तारीख आपणहून सुधारतही नाही. सेल चाळीस-पन्नास रुपयांना कुठल्याही घड्याळवाल्याकडे मिळेल. प्लग काढा, कॅबिनेटचं झाकण उघडा, सेलच्या कडेची क्लिप दाबा, तो उडून वर येतो. अक्षरांची बाजू वर ठेवून नवा बसवा. झाकण उघडलंच आहे तर पंख्यावरची धूळही रंगाच्या कोरड्या ब्रशने झाडा.

आता बंद पडण्याचं. पीसी यूपीएसवर आहे का? आणि संध्याकाळी म्हणजे नक्की किती वाजता?

गेमर_घाटकोपर
मुंबईत यूपीएस कोण वापरतं? इथे लाइट जातात कुठे?

निवांत_काका
१२ ऑक्टोबर २०२०. सकाळी अख्खी मुंबई बंद, लोकल जागच्या जागी उभ्या. मी यूपीएसवर बसून नाट्यगीत पूर्ण ऐकलं.

गेमर_घाटकोपर
काका, हात जोडले.

अबोली_मुलुंड
यूपीएस आहे, पीसीबरोबरच घेतलेला. बॅटरी कधी बदललेली आठवत नाही. वेळ बाबांना विचारली. म्हणाले, पाच-सव्वापाच. मग स्वतःच म्हणाले, "पंप सुरू होतो तेव्हा."

लोखंडी_जिना
झालं तर मग. सोसायटीचा पंप चालू होताना व्होल्टेज क्षणभर पडतं. यूपीएसला वाटतं लाइट गेले, तो बॅटरीवर जातो, बॅटरी केव्हाच वारली आहे, म्हणून पीसी खाडकन बंद. यूपीएसमुळेच बंद पडतोय. दोन दिवस पीसी थेट भिंतीच्या प्लगवर चालवा. तरी पडला तर एसएमपीएस (पीसीच्या आतला वीज पुरवणारा डबा) बघावा लागेल. नाही पडला तर यूपीएसची बॅटरी बदला. बहुतेक घरगुती यूपीएसमध्ये १२ व्होल्ट ७ एएचची असते, पण जुनी काढून तिच्यावरचा आकडा बघूनच घ्या. जुनी दुकानदाराला परत द्या, कचऱ्यात टाकू नका, आत शिसं असतं.

मीठभाकर
पण एसएसडी टाकली असती तर हे झालंच नसतं.

लोखंडी_जिना
कसं?

(मीठभाकर यांचा यावर प्रतिसाद नाही.)

बोरिवली_स्लो
बॅटरीसाठी लॅमिंग्टनला जाणारच असाल तर मुलुंडहून दादरला उतरून वेस्टर्नची स्लो पकडा. फास्ट ग्रँट रोडला थांबत नाही.

तेलकट_वडा
एवढ्यासाठी कशाला जायचं? यूपीएसची बॅटरी मुलुंडात मिळते. मी ग्रँट रोडला गेलो ते शेवटचंच.

अबोली_मुलुंड
उशिरा लिहितेय, माफ करा. सेल बदलला, पंचेचाळीस रुपये. बाबांनीच बदलला, मी टॉर्च धरला. धूळ इतकी निघाली की आईने दोघांनाही गॅलरीत हाकललं. तारीख जागेवर आहे, बँक उघडली. तीन दिवस थेट प्लगवर चालवला, पंप रोज सुरू झाला, पीसी एकदाही बंद पडला नाही. काल बॅटरी आणली, मुलुंडातूनच. बाराशे रुपये.

चौथा_माळा यांच्यासाठी : बाबा टाइपरायटरवालेच आहेत, परीक्षेचं सर्टिफिकेट कपाटात आहे. लिनक्स रद्द.

आता एसएसडी. खटपट्या, तुझं पटलं होतं. २५६ जीबीची साटा पाहूनही ठेवली होती. बाबांना सगळं समजावलं, की वीस-तीस सेकंदांत सुरू होईल. ते म्हणाले, "मग चहा कधी टाकू?" मला वाटलं गंमत करतायत. तर नाही. सकाळी बटण दाबायचं, चहा टाकायचा, आई उठते, दोघं गॅलरीत चहा घेतात आणि मग बाबा कामाला बसतात. हे म्हणे अकरा वर्षं चाललंय. आत्ता कळलं मला. एसएसडी नको म्हणाले. आईही नको म्हणाली, आणि तिचा तर संगणकाशी काही संबंधही नाही.

त्यामुळे एसएसडी नाही, रॅम नाही, नवा पीसी नाही. बाहेरची एक १ टीबी डिस्क घेतली, दर शनिवारी सगळ्या फायली तिच्यावर जातील. एवढं मात्र मी हट्टाने करवून घेतलं.

खटपट्या
हे बघ, मला हे अजिबात पटलेलं नाही. एसएसडी टाकूनही चहा टाकता येतो.

टक्स_माझा
सपोर्ट संपलेल्या विंडोजवर बँक? करू नका.

लोखंडी_जिना
त्याला मुदतवाढ आहे, ईएसयू. १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतील. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीचं बटण दिसेल. मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. सेटिंग्जचा बॅकअप चालू केला तर पैसे पडत नाहीत. तिथून पुढे मात्र बँक तुमच्या फोनवरून करा, किंवा हा धागा पुन्हा वर काढा.

अबोली_मुलुंड
नोंदणी केली. धन्यवाद, जिना. खरं तर तुम्ही सेलचं लिहिलंत त्याच दिवशी वाचायला हवं होतं, मी गेमरच्या रायझेनचे भाव बघत बसले.

पार्ले_पूर्व
उरलेल्या पैशांत एक चांगली खुर्ची घ्या बाबांना. मी घेतली आहे, कमरेला आधार असलेली. बावीस हजार.

सह्याद्री_८८
पूर्ण धागा वाचला नाही, पण एसएसडी टाकून बघितली का?