‘डायनॅमिक’ला काय म्हणावं? गतिमान, गतिशील की आणखी काही?

रंकाळाकाठ
मार्केट यार्डातल्या एका गूळ अडत्यांची वेबसाइट करतोय. मराठी आणि कन्नड, कारण निपाणी-संकेश्वरकडचं गिऱ्हाईक बरंच. सगळ्या पानांचा सांगाडा एकाच लेआउट फाइलमध्ये आहे, आणि त्यातल्या एचटीएमएल टॅगचं (कोडमध्ये अख्ख्या पानाला वेढणारी खूण) ‘लँग’ हे ॲट्रिब्यूट, म्हणजे पानाची भाषा सांगणारी नोंद, पानागणिक बदलतं. मराठीला ‘एमआर’, कन्नडला ‘केएन’. कोड जमला, मालकांना समजावून सांगायचं टिपण अडलंय. मी लिहिलं, ‘सामायिक आराखड्यातील गुणधर्म गतिमान पद्धतीने निश्चित होतात.’ मालकांनी चष्मा वर सरकवून विचारलं, “ह्यात पळतंय काय?”

सीमेवरचा
गतिशील लिहा. रूढ आहे.

रंकाळाकाठ
मालक विचारतील, चालतंय काय?

छापखान्यातला
आणि बरोबर विचारतील. पानाची मागणी आली की सर्व्हर भाषा बघतो, रिकाम्या जागी ‘एमआर’ किंवा ‘केएन’ भरतो आणि पान पाठवून देतो. हलत काहीच नाही, फक्त उशिरा ठरतं. आमच्याकडं लग्नपत्रिका हजारानं छापायच्या, ‘श्री.’च्या पुढं जागा कोरी, नाव वाटताना हातानं. पत्रिका म्हणजे तुमचा लेआउट, नाव आयत्या वेळचं. तोच शब्द घ्या: ‘आयत्या वेळी ठरतं’.

सीमेवरचा
पण ‘आयतं’ म्हणजे तयार मिळालेलं! वाचणाऱ्याचा घोळ होणार.

छापखान्यातला
होईल, ‘वेळी’ गाळलंत तर. आयतं पान म्हणजे आधीच करून ठेवलेलं, म्हणजे बरोब्बर उलटं. ‘स्टॅटिक’ला तोच शब्द चालेल की! ‘सामायिक’ मात्र काढा. सातबाऱ्यावर ‘सामाईक’ दिसलं की माणसाला आधी भाऊबंदकी आठवते. ‘लेआउट’ही नको, मालक प्लॉटचा भाव विचारतील. ‘चौकट’ म्हणा.

एक शिकाऊ
ॲट्रिब्यूट आणि प्रॉपर्टी, दोन्हींना गुणधर्मच म्हणायचं का? वर्गात दोन्हींना तेच सांगतात.

रंकाळाकाठ
नको, खरी गोची तिथंच आहे. गुळाच्या रव्यावर, म्हणजे ढेपेवर, ‘तीस किलो’ अशी चिठ्ठी लावली, मग उन्हात वजन घटलं. चिठ्ठी तीसच सांगणार. ती ॲट्रिब्यूट, काट्यावर आत्ता दिसतं ती प्रॉपर्टी. फॉर्मच्या रकान्यात ‘व्हॅल्यू’ आधी लिहून ठेवली आणि गिऱ्हाइकानं वर दुसरं टाइप केलं, तर प्रॉपर्टी बदलते, ॲट्रिब्यूट जुनंच राहतं. गुणधर्म हा शब्द प्रॉपर्टीला ठेवा.

एक शिकाऊ
म्हणूनच माझं बटण बंदच राहिलं होतं! ‘डिसेबल्ड’ (बंद) या ॲट्रिब्यूटला ‘फॉल्स’ (नाही) लिहिलेलं.

रंकाळाकाठ
भावा, ती चिठ्ठी नुसती असली तरी पुरे, वर काय लिहिलंय कोण बघत नाही. बटण चालू करायचं तर चिठ्ठीच काढायची. चौकटीत अटही तशीच घाला: लागेल तेव्हाच ॲट्रिब्यूट लिहा, नाहीतर अजिबात नको.

छापखान्यातला
आमच्या डोळ्यांना खुपतं ते वेगळं. मराठी पानावर चुकून हिंदीचं ‘एचआय’ राहिलं, तर काही फॉन्टमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे येतात. ‘एमआर’ असलं आणि फॉन्टात सोय असली की आपल्या वळणाचे. वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही कुठल्या भाषेत बोलायचं ते त्याच दोन अक्षरांवरून ठरवतं. हे मालकांना सांगा, पटेल.

रंकाळाकाठ
आज टिपण दिलं: ‘चौकट सगळ्या पानांना एकच. पानाची भाषा आयत्या वेळी ठरते.’ ॲट्रिब्यूट शब्द घातलाच नाही. वाचून म्हणाले, “बरं. आता कन्नड उघडून दाखवा.”