करपा ओळखणारं यंत्र

भाऊ, ‘एआय म्हणजे यंत्राला मेंदू फुटला का?’ हा तुमचा प्रश्न योग्यच आहे. मीही तिथूनच सुरुवात केली होती.

मला ते रावेरला, आमच्या केळीच्या बागेत उमगलं. नाना पान पाहताक्षणी करपा, म्हणजे पानं करपवणारा रोग, ओळखतात. कसा ते विचारलं तर नेमकं सांगता येत नाही. आयुष्यभर पानंच पाहिलीत. यंत्राला तसंच शिकवतात. करपा लागलेल्या आणि निरोगी पानांचे हजारो फोटो, प्रत्येकावर नाव लिहून. ते अंदाज करतं, चुकलं की आतले आकडे किंचित बदलतात, परत अंदाज. रोग म्हणजे काय, घड वाया गेला की घरात काय होतं, हे त्याच्या गावीही नसतं.

आणि सीएमव्हीची (केळीवरच्या एका विषाणूजन्य रोगाची) पानं त्याला कधी दाखवलीच नसतील, तर त्यांनाही ते करपा किंवा निरोगी यातलंच एक म्हणणार, तेही ठामपणे! म्हणून फोटो कुठल्या बागांतले, नावं कोणी लिहिली, हे आधी विचारा.

चॅटजीपीटीही याच जातकुळीचं, फक्त तिथे पुढचा शब्द ओळखायचा असतो. ‘आर्टिफिशियल इंटेलिजन्स’, म्हणजेच एआय, हे नाव मात्र १९५५ सालचं, संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थी वगैरेंच्या संशोधन-प्रस्तावातलं.