शाहबानो आपल्याच इंदूरच्या, मग न्याय अडला कुठे?

पलासियाकर:
परवा मंडळाच्या मीटिंगमध्ये एकानं ठोकून दिलं, "इस्लाममध्ये बाईला न्यायच नाही." मला हे पटत नाही. शाहबानोंचं बघा. लग्न 1932 चं, पाच मुलं, 1975 मध्ये घराबाहेर, 1978 मध्ये तलाक. नवरा स्वतः वकील! इथल्या मॅजिस्ट्रेटनी पोटगी बांधून दिली महिना 25 रुपये. हायकोर्टानं ती 179 रुपये 20 पैसे केली. 1985 मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूडांनी ती पोटगी कायम ठेवताना कुराणातलीच आयत, म्हणजे वचन (2:241), पुढे केली: तलाक दिलेल्या बाईची रीतसर तरतूद करा. कुराण आडवं आलं नाही, आडवे आले पुढारी. नवऱ्याची जबाबदारी इद्दतपुरती, म्हणजे तलाकनंतरच्या साधारण तीन महिन्यांपुरती, ठेवू पाहणारा 1986 चा कायदा त्यांचाच.

रामबागकर:
दादा, सोयीची आयत तेवढी उचललीत. चौथ्या सूरेत (अध्यायात) वारसा वाटताना मुलाला दोन मुलींइतका वाटा सांगितलाय, त्याचं काय? अर्ध्याला समता म्हणायचं? समाजसुधारक हमीद दलवाईंनी 1966 मध्ये मुंबईत सात बायकांचा मोर्चा काढला, तो समान नागरी कायद्यासाठी. आयत मागायला नव्हे.

खजरान्याचा:
भिया, अर्धा वाटा दिसतो, बाकी हिशोब कुणी बघत नाही. घरखर्च सगळा पुरुषाच्या डोक्यावर. बायकोचा मेहर (निकाहात नवऱ्यानं तिला कबूल केलेली रक्कम) आणि कमाई तिची, नवऱ्याचा त्यावर हक्क नाही. आणि हे सातव्या शतकातलं. वडिलोपार्जित मिळकतीत तुमच्या लेकींना जन्मतः बरोबरीचा हक्क मिळाला 2005 मध्ये. आमच्यात रडगाणं वेगळंच आहे: तो अर्धा तरी कोण देतो? बहीण ईदला माहेरी येते, शीरखुर्मा होतो, आणि मग भाऊ हक्कसोडपत्र पुढे सरकवतो.

वकीलबाई:
हक्कसोड आमच्यातही तस्संच चालतं, फक्त दिवाळी-भाऊबीजेला. पण दादा, तुमचा हिशोब पुरुष कमावतो या गृहीतावर उभा आहे. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी मुलीच आईबापांना सांभाळतात. जबाबदारी तिची झाली, तर वाटा अर्धाच का? बाकी 1986 च्या कायद्याचाही अर्थ 2001 मध्ये सुप्रीम कोर्टानं लावला: इद्दतच्या मुदतीतच तिच्या पुढच्या सगळ्या आयुष्याची तरतूद करायची.

रामबागकर:
बघा, शेवटी कोर्टच कामी आलं. आणि शाहबानोंनी स्वतः निकाल नाकारला तो कुणाच्या धाकानं?

खजरान्याचा:
दबाव होता, नाही कुठे म्हणतो? पण ताईंना उत्तर शरियतमध्येच आहे. बाप हयातीत हिबा, म्हणजे बक्षीस, करू शकतो, लेकीलाही मुलाइतकंच देऊन. एका मुलाला बक्षीस देणाऱ्या बापाला पैगंबरांनी विचारलं होतं, सगळ्यांना सारखं दिलंस का?

वकीलबाई:
मग तुमच्या अब्बांनी केला का हिबा?

खजरान्याचा:
अजून नाही. कागदाचं झंझट कोण करणार म्हणतात.

वकीलबाई:
तोंडीही चालतो हो तुमच्यात. फक्त ताबा द्यावा लागतो. भाडं बहिणीच्या खात्यात जायला लागलं, की कळवा.