क्रिटिकल रीझनिंग: शेवटच्या दोन पर्यायांत दरवेळी अडकतोय, उपाय सांगा

खानापूर_पॅसेंजर
नमस्कार सगळ्यांना. मी खानापूरचा, दहावीपर्यंत मराठी मीडियम, आता बेळगावात उद्यमबागला फाउंड्रीत जॉब करत करत झॅट (एमबीए प्रवेशाची XAT परीक्षा) आणि महाराष्ट्राची एमबीए सीईटी दोन्हीची तयारी करायलोय. क्वांट (गणित) होतंय, आरसी (उतारा वाचून उत्तरं) पण बऱ्यापैकी, पण क्रिटिकल रीझनिंगला (सीआर, छोटं आर्ग्युमेंट देऊन ते तपासायला लावतात ते) बसलो की पाचातले तीन पर्याय लगेच उडतात आणि उरलेल्या दोघांत गाडी अडकते. इंग्लिश कळत नाही असं नाही, वाचलेलं सगळं समजतं. कालचाच एक प्रश्न मराठीत टाकतो:

"एका शहरात सिटी बसचं भाडं निम्मं केलं. पुढच्या सहा महिन्यांत बसचे प्रवासी खूप वाढले. म्हणजे आता त्या शहरात रस्त्यावर खाजगी गाड्या आधीपेक्षा कमी धावतात." हे आर्ग्युमेंट सगळ्यात जास्त कशानं वीक होतं?

उरलेले दोन पर्याय:
ब) त्याच सहा महिन्यांत पेट्रोल बरंच महागलं.
ड) नवीन प्रवाशांतले बहुतेक जण आधी चालत किंवा शेअर रिक्षानं जायचे.

मी ब लावला. प्रवासी भाड्यामुळं नाही तर पेट्रोलमुळं वाढले, म्हणजे आर्ग्युमेंट पडलं की. उत्तर ड दिलंय. ब का नाही हे कुणीतरी नीट सांगा. क्लास लावायचं बजेट नाही सध्या.

निपाणीची_अक्का
भावा, कन्क्लूजन (शेवटी काढलेला निष्कर्ष) परत एकदा वाच. "भाड्यामुळं प्रवासी वाढले" असं त्यात कुठंय? त्यात एवढंच आहे की खाजगी गाड्या कमी धावतात. कारण काय हा वाद तू तुझ्या मनानं आत घेतलास. आता ब ठेवून बघ, पेट्रोल महागलं तर लोक बाइक घरी लावून बस पकडतील, म्हणजे गाड्या कमीच होतील. ब नं कन्क्लूजन उलट पक्कं होतं. आणि ड बघ, बसमध्ये नवीन चढलेल्या माणसाकडं आधी गाडीच नव्हती, तो चालत होता, तर मग रस्त्यावरची कुठली गाडी कमी झाली? प्रवासी वाढले हे खरं धरूनसुद्धा कन्क्लूजन लटकतं. वीकनचं उत्तर असंच असतं, दिलेली माहिती खोटी ठरवत नाही, माहिती आणि कन्क्लूजन यांच्या मधला दुवा तोडतं.

अजून एक, आपल्याकडच्या मुलांना बसचा प्रश्न आला की डोक्यात लगेच कर्नाटकची शक्ती योजना येते. जून 2023 पासून बायकांना सरकारी बसला तिकीट नाही, गर्दी आपण रोज बघतो, महामंडळाच्या तोट्याची चर्चा रोज ऐकतो, मग "भाडं कमी केल्यानं तोटा वाढला" असा पर्याय दिसला की हात तिकडंच जातो. तोटा झाला असेल की, पण गाड्या कमी झाल्या की नाही याच्याशी त्याचा काय संबंध? योजना चांगली का वाईट हे विचारलेलंच नाही. प्रश्नात जेवढं लिहिलंय तेवढ्यावरच बोलायचं.

तू एक कर, पर्याय हातानं झाक. आधी कन्क्लूजन एका ओळीत कागदावर मराठीतच लिही, आणि खाली "पण कशावरून?" असं लिहून स्वतः एक शंका काढ. मगच हात काढ. सुरुवातीला वेळ जातो, जाऊ दे.

सेकंड_शिफ्ट
अक्का बरोबर सांगायल्या. मी पण उद्यमबागलाच आहे म्हणून आपल्या शॉपमधलंच उदाहरण देतो, तुला पटकन कळेल. समजा सुपरवायझर म्हणाला, नवीन बाइंडर (साच्याची वाळू घट्ट धरणारा पदार्थ) वापरायला लागल्यापासून कास्टिंगचं रिजेक्शन कमी झालं, म्हणजे बाइंडर चांगला आहे. इथं कारण कन्क्लूजनमध्येच आहे, त्यामुळं तुझी पेट्रोलवाली शंका इथं बरोबर बसते. त्या महिन्यात पातळ भिंतीचे अवघड जॉब कमी होते का? मोल्डिंगला नवीन माणूस आला का? आणि सगळ्यात बेकार म्हणजे रिजेक्शन मोजायची पद्धतच बदलली का, मशीनिंगला गेल्यावर सापडणारे ब्लोहोल (कास्टिंगच्या आतली पोकळी) आधी धरत होते आणि आता धरत नाहीत असं तर नाही? दुसरं कारण, तुलना सारखी नसणं, मोजमाप बदलणं, या तीन फटी मला या प्रश्नांत सारख्या भेटतात. कन्क्लूजन बदललं की फट बदलते, म्हणून पहिलं काम ते ओळखणं.

खानापूर_पॅसेंजर
आत्ता डोक्यात शिरलं. दादा, मग असम्प्शनला, म्हणजे आर्ग्युमेंटनं न सांगता काय गृहीत धरलंय हे विचारतात तिथं, काय करायचं? तिथं तर दोन्ही पर्याय खरे वाटतात मला.

सेकंड_शिफ्ट
खरा वाटतो का हे बघूच नको, आर्ग्युमेंटला त्याची गरज आहे का ते बघ. पर्याय उलटा करून बघायचा. बाइंडरचंच घे. "दोन्ही महिन्यांत जॉब साधारण सारखेच अवघड होते." उलटा कर, दुसऱ्या महिन्यात जॉब सोपे होते, सुपरवायझरचं म्हणणं गेलं. म्हणजे हे असम्प्शन. आता "हा बाजारातला सगळ्यात चांगला बाइंडर आहे" उलटा कर, याच्यापेक्षा चांगला आहे म्हणे एक. असू दे की, रिजेक्शन तरी यानं कमी होऊ शकतंच. उडव. उलटं करताना "सगळे" चं "एकही नाही" करू नको हां, "सगळे नाहीत" एवढंच कर, नाहीतर चुकीचा पर्याय पण बरोबर वाटायला लागतो.

आणि "सगळे, फक्त, कधीच नाही" असे शब्द दिसले की पर्याय काढून टाका असं सरसकट सांगतात, ते मला पटत नाही. असम्प्शन आणि इन्फरन्सला (दिलेल्या माहितीवरून काय निघतं ते) तसा पर्याय बहुतेकदा गरजेपेक्षा जास्त बोलतो, तिथं संशय घ्यायचाच. पण स्ट्रेंदन-वीकनला (आर्ग्युमेंट पक्कं किंवा कच्चं करणाऱ्या प्रश्नांना) "असं खरं धरलं तर" म्हणून विचारतात, तिथं पर्याय जेवढा जोरदार तेवढा कामाचा. उलट "काही लोक अजून गाडीच वापरतात" असला "काही" वाला पर्याय तिथं फारसा कामाचा नसतो.

निपाणीची_अक्का
प्रॅक्टिसचं सांगते. कुणीही बनवलेले फुकटचे सेट सोडवू नको, त्यांची उत्तरंच वादात असतात आणि आपलं डोकं बिघडतं. जीमॅटचे (परदेशी एमबीए प्रवेशाची परीक्षा) ऑफिशियल प्रश्न घे, आताच्या जीमॅटला व्हर्बलमध्ये 45 मिनिटांत 23 प्रश्न असतात आणि त्यात फक्त आरसी आणि सीआर, सेंटेन्स करेक्शन (वाक्य दुरुस्ती) काढून टाकलंय, म्हणून सीआरचे प्रश्न तिथं घोटून घोटून केलेले असतात. ते संपले तर एलसॅटचं (अमेरिकेतल्या लॉ कॉलेज प्रवेशाची परीक्षा) लॉजिकल रीझनिंग, जरा अवघड आहे पण सोनं आहे.

आणि परीक्षेत, सीईटीला निगेटिव्ह नाही, तिथं दोघांत अडकलास तर एक लावून पुढं सरक, एकही प्रश्न कोरा सोडू नको. झॅटला चुकलं की पाव मार्क जातो, तरी तीन पर्याय खात्रीनं उडवले असतील तर उरलेल्या दोनातला लावणं हिशेबानं फायद्याचंच. फक्त ते तीन खरंच खात्रीनं उडवलेले पाहिजेत.

खानापूर_पॅसेंजर
अक्का, दादा, लई उपकार झाले. आज रात्रीपासून पर्याय झाकून बसतो. कन्क्लूजन सापडत नाही असा कुठला प्रश्न आला तर इथंच टाकतो.

सेकंड_शिफ्ट
टाक की. तुझी स्वतःची शंका पण सोबत लिही, नुसता प्रश्न टाकू नको.