काचेला आतून पाणी सुटतंय, खिडक्या बदलू का?

प्रश्न:
नमस्कार मंडळी, थंडी सुरू झाली की आमच्या बेडरूमच्या काचा रोज सकाळी आतून घामेजलेल्या असतात, पाणी ओघळून खालच्या लाकडात मुरतं, लाकूड फुगून आता खिडकी नीट लागतही नाही आणि कोपऱ्यात काळी बुरशी धरलीये. घरात बाळ आहे म्हणून जास्त काळजी वाटते. जुनी लाकडी चौकट, एकेरी काच. यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकची) घेऊ की अॅल्युमिनियम? आणि डबल काच लावली की हे थांबेल ना?

उत्तर १:
आधी एक करा, छोटा आर्द्रतामापक आणून बेडरूममध्ये ठेवा. खोलीत २० अंश तापमान आणि ६० टक्के आर्द्रता असेल तर साधारण १२ अंशांच्या खाली गेलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी धरणारच, आणि एकेरी काच थंडीत त्याच्याही खाली सहज जाते. डबल काचेचा आतला थर उबदार राहतो म्हणून पाणी खूप कमी होतं, पण हवेतला दमटपणा काही काच शोषून घेत नाही. कपडे घरातच वाळत घालता का? स्वयंपाक करताना एक्झॉस्ट लावता का? आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांवर आणा, अर्धं काम तिथेच होतं.

उत्तर २:
वरच्यांशी सहमत. मटेरियलचं म्हणाल तर यूपीव्हीसी घ्या पण आत स्टीलची पट्टी आहे ना ते विचारा, मोठ्या खिडकीत ती नसेल तर फ्रेम वाकते. अॅल्युमिनियम मजबूत असतं, टिकतंही, पण थर्मल ब्रेक (फ्रेमच्या आतल्या आणि बाहेरच्या धातूमधली उष्णता अडवणारी पट्टी) नसेल तर थंडीत फ्रेमलाच पाणी सुटतं. दोन काचांमध्ये १२ ते १६ मिमी अंतर आणि लो-ई कोटिंग (खोलीतली उष्णता आत परतवणारा काचेवरचा पातळ थर) मागा. पुढे कधी दोन काचांच्या मधोमध धुरकट दिसलं तर सील गेलं समजा, ते पुसून जात नाही, ते युनिटच बदलावं लागतं. आणि फ्रेमच्या खालची पाणी जायची बारीक भोकं बुजू देऊ नका, बसवणारे सिलिकॉन मारताना हमखास बुजवतात.

उत्तर ३:
आमचा अनुभव सांगते. नवीन खिडक्या इतक्या घट्ट बसल्या की काचा कोरड्या राहिल्या पण महिन्याभरात कपाटामागच्या भिंतीला बुरशी आली!! जुन्या खिडकीच्या फटीतून हवा खेळायची ती बंद झाली होती. आता रोज सकाळी समोरासमोरच्या खिडक्या दहा मिनिटं सताड उघडते, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढलंय, पडदा रात्री थोडा सरकवून ठेवते म्हणजे काचेपर्यंत खोलीची ऊब पोचते. तुम्ही वर झरोक्याची पट्टी असलेली खिडकीच घ्या. आणि बुरशी कोरडी खरवडू नका हो, कण हवेत उडतात, ओल्या फडक्यानं पुसा आणि तेवढा वेळ बाळाला दुसऱ्या खोलीत ठेवा.

प्रश्नकर्ता:
खूप आभार सगळ्यांचे. बाळाचे लंगोट त्याच खोलीत दोरीवर वाळत असतात, हे लक्षातच आलं नव्हतं. दोरी आजच हलवते, मापक मागवलाय, आठवड्याचे आकडे इथे टाकते मग खिडकीचं ठरवू.