मदत हवी आहे: रिलीव्हर (पुढच्या पाळीचा कामगार) आला नाही की सलग दुसरी पाळी, नकार देता येतो का?

माझा धाकटा भाऊ चाकण एमआयडीसीत एका कारखान्यात प्रेस ऑपरेटर आहे, ठेकेदाराकडून. रिलीव्हर आला नाही की सुपरवायझर म्हणतो, "मशीन सोडायचं नाही." मग सकाळी सातला गेलेला पोरगा रात्री अकराला सुटतो. गेल्या आठवड्यात असं तीनदा झालं. परवा ताटावर बसल्या बसल्याच झोपला, हातातला घास हातातच. प्रेसवर अशी डुलकी लागली तर बोटं जायची, हीच धास्ती आहे.

फॅक्टरी अ‍ॅक्ट 1948 मध्ये दिवसाला 9 आणि आठवड्याला 48 तासांची मर्यादा होती, वर ओव्हरटाइमला दुप्पट दर. 21 नोव्हेंबर 2025 पासून नव्या कामगार संहिता आल्या. त्यातही दुप्पट दर आहेच, शिवाय ओव्हरटाइमला कामगाराची संमती लागते. इथे संमती विचारतंय कोण! मस्टरवर आठच तास लागतात, जादाचे पैसे सिंगल रेटने रोख हातात.

तर, तोंडी नकार दिला आणि ठेकेदाराने गेट बंद केलं तर काय करायचं? तक्रार कामगार आयुक्तांकडे करायची की औद्योगिक सुरक्षा संचालनालयाकडे? हजेरीच्या पंचिंगचे फोटो पुरावा म्हणून चालतात का? नाव न कळवता तक्रार केलेलं कुणी असेल तर प्लीज सांगा.